सामायिक रॉकेटवर उपग्रह द्यायचाय : आधी व्हायब्रेशन की आधी बेकआउट?

सूरसागर (बडोदा), सोमवार रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बडोद्यातला आमचा विद्यार्थ्यांचा गट ३ यू क्यूबसॅट (१० सेंमीचे तीन ठोकळे रचल्याएवढा छोटा उपग्रह) बांधतोय. टेबलावरचा अभियांत्रिकी नमुना चालतोय, आता उड्डाणाचा नमुना जोडायला घेतलाय. सामायिक उड्डाणात जागा धरली आहे आणि उपग्रह डिप्लॉयरमध्ये (कक्षेत गेल्यावर उपग्रह बाहेर ढकलणारा स्प्रिंगचा डबा) बसवून द्यायला साधारण सहा महिने हातात आहेत.

गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो, सगळं जोडून आधी निर्वात कक्षात बेकआउट करा (तापवून आतली वाफ काढा), म्हणजे चिकटवलेलं सगळं पक्कं होईल, मगच हलवा. दुसरा म्हणतो, आधी हलवा (व्हायब्रेशन चाचणी), मग भाजा. कक्ष दोनदा भाड्याने घेण्याइतके पैसे नाहीत, त्यामुळे एकदाच ठरवायचंय.

दुसरी शंका बॅटरीची. डिप्लॉयरचं दार बंद झाल्यावर उड्डाणापर्यंत दोन-तीन महिने जाऊ शकतात. तोवर बॅटरी तग धरेल ना?

जाणकारांनी क्रम सांगावा आणि प्रत्येक पायरीला नेमकं काय बिघडतं तेही लिहावं, ही विनंती.

---

सराफा_रात्रपाळी (इंदूर), सोमवार रात्री ९.५५

व्हायब्रेशन आधी. उपग्रहाला जे ज्या क्रमाने सोसायचंय त्याच क्रमाने चाचणी घ्यायची: रॉकेटचे हादरे, मग निर्वात, मग ऊन आणि थंडी.

कारण सांगतो. हलवताना सोल्डरला केसाएवढी चीर गेली तर टेबलावर ती कळत नाही. चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या असतात, प्रवाह वाहत राहतो. तापमान वरखाली झालं की बोर्ड आणि त्यावरचा पुर्जा वेगवेगळ्या मापाने फुगतात, चीर उघडते आणि बिघाड समोर येतो. क्रम उलटा केलात तर ती चीर कक्षेत गेल्यावर उघडेल.

पातळीचं म्हणाल तर नासाच्या गेव्ह्ज या चाचणी-मानकात २० ते २००० हर्ट्झच्या यादृच्छिक कंपनाला पात्रतेची (रचना टिकते का ते बघायची) पातळी १४.१ जी आरएमएस (हादऱ्याची सरासरी तीव्रता, गुरुत्वाच्या पटीत) आणि स्वीकृतीची (उडणारा नमुना नीट जोडलाय का ते बघायची) १०.० जी आरएमएस आहे. पात्रतेसाठी वेगळा नमुना असेल तर प्रत्येक अक्षावर २ मिनिटं. नमुना एकच असेल आणि तोच उडणार असेल, तर पातळी पात्रतेची पण वेळ १ मिनिट. तुमच्या उड्डाणाचे आकडे मात्र रॉकेटवाल्यांच्या इंटरफेस दस्तऐवजातलेच धरा. हे आकडे तिथे काही दिलं नसेल तेव्हाचे.

प्रत्येक अक्षावर हलवण्याआधी आणि नंतर कमी पातळीचा साइन स्वीप (वारंवारता हळूहळू बदलत हलकेच हलवणं) घ्या आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. एखाद्या शिखराची वारंवारता ५ टक्क्यांहून जास्त सरकली असेल तर आत काहीतरी सैल झालंय किंवा तडकलंय. उपग्रह बाहेरून चकचकीत दिसला तरी पुढे जाऊ नका.

---

राजवाडा_निर्वात (इंदूर), सोमवार रात्री १०.३०

सराफाभाऊंशी बरंचसं सहमत, पण सूरसागरच्या पहिल्या तटाचंही एक म्हणणं खरं आहे. बेकआउट ही एकच गोष्ट नाही, दोन आहेत.

पहिलं बेकआउट सुट्या भागांचं: केबल हार्नेस, कोटिंग केलेले बोर्ड, इपॉक्सीने चिकटवलेले सोलर पॅनल. हे जोडणीच्या आधी करायचं. त्यासाठी अवाढव्य कक्ष लागत नाही, निर्वात ओव्हन पुरतो. दुसरं जोडलेल्या उपग्रहाचं. ते व्हायब्रेशननंतर, थर्मल व्हॅक्यूमच्या (निर्वातात आळीपाळीने गरम-थंड करण्याच्या चाचणीच्या) पहिल्या गरम फेरीतच उरकता येतं. कॅल पॉलीच्या (क्यूबसॅट मानक काढणारं अमेरिकी विद्यापीठ) जुन्या पद्धतीत ७० अंशांना ३ तास किंवा ६० अंशांना ६ तास असं गणित आहे. ६० अंशांचं घ्या, बॅटरीला ते सोसतं. त्यातही सेलच्या कागदावरची कमाल मर्यादा आधी बघून घ्या.

म्हणजे मोठा कक्ष एकदाच भाड्याने लागेल.

आता काय बिघडतं ते. निर्वातात पदार्थातून वाफ सुटते आणि थंड पृष्ठभागावर जाऊन बसते. थंड पृष्ठभाग म्हणजे बहुधा कॅमेऱ्याची भिंग. तीसुद्धा तुमची नव्हे, शेजाऱ्याची! सामायिक उड्डाणात रॉकेटवाले याबद्दल इतके कडक असतात ते म्हणूनच. ई ५९५ या मानक चाचणीत पदार्थाला १२५ अंशांना २४ तास निर्वातात ठेवतात. एकूण वजन-घट १.० टक्क्याच्या आत आणि दुसरीकडे जमणारा थर ०.१ टक्क्याच्या आत असला तरच तो पदार्थ घ्यायचा.

यात सहसा अडकणारे पदार्थ: पीव्हीसी आवरणाच्या वायरी (त्याजागी टेफ्लॉन घ्या), बाजारातली साधी सिलिकॉन सीलंट (सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो ती ॲसिटिक ॲसिड सोडतात आणि तांब्याला खातात), साधी चिकटपट्टी, छापील कागदी लेबलं. झिंक आणि कॅडमियमचा मुलामा असलेले स्क्रू तर आणूच नका. निर्वातात तापले की तो मुलामाच उडून दुसरीकडे जाऊन बसतो. हार्डवेअरच्या दुकानातला पिवळसर चमकणारा स्क्रू हातात आला की परत ठेवा.

---

मकरपुरा_लेथ (बडोदा), मंगळवार सकाळी ७.४०

भाजणं-हलवणं राहू द्या बाजूला. आधी डबा मापात आहे का ते बघा. डिप्लॉयरमध्ये शिरलाच नाही तर पुढचं सगळं फुकट.

३ यूची लांबी ३४०.५ मिमी, रुंदी १०० मिमी आणि रुंदीची सूट अधिक-उणे ०.१ मिमी. रेल (डिप्लॉयरमध्ये सरकणाऱ्या कोपऱ्यांवरच्या पट्ट्या) किमान ८.५ मिमी रुंद, पृष्ठभागाचा खडबडीतपणा १.६ मायक्रॉनच्या आत, कडा १ मिमी त्रिज्येने गोल केलेल्या. रेल हार्ड ॲनोडाइझ केलेलीच (विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा कठीण थर चढवलेली) हवी, नाहीतर ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम घासून निर्वातात चिकटून बसतं.

फसगत होते ती ॲनोडाइझिंगमध्ये. ५० मायक्रॉनचा हार्ड थर दिला तर त्यातला साधारण अर्धा धातूच्या आत जातो आणि अर्धा बाहेर वाढतो. म्हणजे प्रत्येक बाजूला २५ मायक्रॉन, समोरासमोरच्या दोन बाजू मिळून ५०. तुमच्या ०.१ च्या सुटीतली निम्मी ॲनोडाइझिंगनेच खाल्ली. म्हणून मशीनिंगचं माप थर धरून कमी ठेवायचं आणि तो आकडा ड्रॉइंगवर लिहून द्यायचा. जीआयडीसीत (गुजरातची औद्योगिक वसाहत) ॲनोडाइझिंगवाल्याला नुसतं 'काळं करून द्या' सांगितलं तर तो रंग देईल, जाडी देणार नाही. आटे आणि अर्थिंगच्या जागा मास्क करायला सांगा. ॲनोडाइझचा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे मास्क न करता आणलेल्या सांगाड्याचे चार तुकडे विजेच्या दृष्टीने चार बेटं होऊन बसतात.

आणि मोजमाप वातानुकूलित खोलीत. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. बडोद्यात मे महिन्यात ४० अंशांच्या शेडमध्ये ३४० मिमीचा सांगाडा मोजलात तर २० अंशांच्या मापापेक्षा तो ०.१५ मिमीहून जास्त लांब भरेल. चार तास खोलीत ठेवायचा, मग ग्रॅनाइटच्या पाटावर हाइट गेजने चारही रेल, प्रत्येक रेल तीन ठिकाणी.

---

मांडवी (बडोदा), मंगळवार सकाळी ९.०५

मी या विषयातली नाही, पण धागा वाचायला घेतला आणि सोडवेना. एक बाळबोध प्रश्न: सामायिक रॉकेट म्हणजे एसटीसारखं का? ज्याला जिथे उतरायचं तिथे उतरता येतं?

---

कोठीपोळ (बडोदा), मंगळवार सकाळी १०.२०

मांडवीताई, प्रश्न अगदी नेमका आहे. एसटीपेक्षा लग्नाची पंगत समजा. मुख्य पाहुणा कोण, ते ठरलेलं. पंगत कधी बसायची आणि कुठे, ते त्याच्या सोयीने. बाकीच्यांना मिळेल त्या पाटावर बसायचं. मुख्य उपग्रहाला जी कक्षा हवी तीच किंवा तिच्या आसपासची सगळ्यांना मिळते. कधीकधी रॉकेट इंजिन पुन्हा पेटवून वेगवेगळ्या उंचीवर उतरवतं. एप्रिल २०१९ च्या पीएसएलव्ही-सी४५ ने तीन कक्षा गाठल्या होत्या, पण तो थांबा प्रवाशाच्या मागणीवर नसतो.

मोठ्या पंगतीचं उदाहरण म्हणजे पीएसएलव्ही-सी३७, १५ फेब्रुवारी २०१७. एका उड्डाणात १०४ उपग्रह. कार्टोसॅट-२ मालिकेतला मुख्य उपग्रह ७१४ किलोचा, बाकी १०३ सहप्रवासी, त्यातले ८८ एकाच कंपनीचे छोटे डव्ह. पुढे २४ जानेवारी २०२१ ला फाल्कन ९ च्या ट्रान्सपोर्टर-१ ने १४३ नेले. आपल्या मराठी मुलांचंही यात नाव आहे. पुण्याच्या सीओईपीचा 'स्वयम्' हा १ यू उपग्रह जून २०१६ मध्ये पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा 'प्रथम' पीएसएलव्ही-सी३५ वरून. स्वयमचं वजन किलोभरसुद्धा नव्हतं. दिशा धरायला त्यात चुंबक वापरलं होतं, पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळवून घेणारं. हलत्या भागांशिवाय.

आणि पंगतीचा पहिला नियम: शेजाऱ्याच्या ताटात हात जाता कामा नये. सामायिक उड्डाणाची निम्मी कागदपत्रं एवढंच सिद्ध करण्यासाठी असतात. तुमचा उपग्रह कक्षेत चालेल की नाही याची काळजी रॉकेटवाला फारशी करत नाही. तो दार उघडेपर्यंत मेल्यासारखा पडून राहील ना, एवढं तो विचारतो. उशीर झाला तर रॉकेट थांबत नाही, तुमच्या जागी तेवढ्याच वजनाचा ठोकळा बसवून निघून जातं.

---

मांडवी (बडोदा), मंगळवार सकाळी १०.३२

काका, लख्ख कळलं. ठोकळ्याचं वाचून मात्र पोटात गोळा आला.

---

विश्वामित्री (बडोदा), मंगळवार दुपारी २.१५

काकांनी म्हटलं ते 'मेल्यासारखं पडून राहणं' कसं साधतात ते लिहिते, बॅटरीची शंकाही त्यातच सुटेल.

उपग्रहाच्या रेलच्या टोकाला डिप्लॉयमेंट स्विच असतो. डिप्लॉयरमध्ये तो दाबलेला राहतो आणि दाबलेला असताना बॅटरी बाकी सगळ्यांपासून तोडलेली असते. मानकात किमान एक सांगितलाय, पण एकाच्या भरवशावर राहू नका: दोन धन बाजूला एकामागोमाग आणि तिसरा ऋण बाजूला. अवकाश स्थानकावरून सोडायचे असतील तर तीन अडथळे लागतातच. त्याशिवाय लाल फीत लावलेली आरबीएफ ('रिमूव्ह बिफोर फ्लाइट', उड्डाणाआधी काढायची) पिन. उपग्रह डिप्लॉयरमध्ये बसला की ती काढतात, तोवर ती सगळं तोडून ठेवते.

स्विच जवळून बघा. छोटा दट्ट्या, त्याची चाल मिलिमीटर-दीड मिलिमीटर. एका डिप्लॉयरमध्ये दोन उपग्रह असतील तर तुमचा दट्ट्या शेजाऱ्याच्या पायावर (रेलच्या टोकावर) टेकतो. शेजाऱ्याच्या पायाला तिथे खाच किंवा भोक असेल तर दट्ट्या आत जातो, स्विच सुटतो आणि उपग्रह डब्यातच जागा होतो. पायांची ड्रॉइंगं एकमेकांना आधी पाठवून जुळवा. आणि व्हायब्रेशनमध्ये बॅटरीच्या वाटेवर लॉगर (सतत नोंद ठेवणारं उपकरण) लावा. हादऱ्यात स्विच क्षणभर जरी सुटला तरी डब्याबाहेर पडल्यानंतरचं घड्याळ सुरू होतं.

आता तग धरण्याचं गणित. सेलचं संरक्षण सर्किट स्विचच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला असतं, ते सतत थोडं पितं. २६०० एमएएचच्या सेलमधून २०० मायक्रोअँपिअर गळत असतील तर ९० दिवसांत ४३२ एमएएच गेले, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. गळती ५० वर आणली तर १०८, म्हणजे ४ टक्के. म्हणून पहिलं काम: स्विच दाबून, मायक्रोअँपिअर मोजणारं मीटर लावून खरी गळती मोजा. डेटाशीटची बेरीज करून चालत नाही, कनेक्टरजवळचा एखादा विसरलेला रोधकच सगळं पिऊन टाकतो.

---

लष्कर_ग्वाल्हेर, मंगळवार दुपारी ४.५०

मग भरून द्यायची की अर्धी? माझं मत: पूर्ण भरून. अँटेना उघडायला प्रवाह लागतो, त्या वेळी कमी पडून चालणार नाही.

---

विश्वामित्री (बडोदा), मंगळवार सायंकाळी ६.००

इथे मी सहमत नाही. लिथियम-आयन सेल पूर्ण भरून उष्णतेत महिनोन्‌महिने ठेवला की त्याची क्षमता कायमची घटते, आणि श्रीहरिकोट्याच्या किनाऱ्यावर किंवा वाटेत कुठेतरी उष्णता मिळणारच. सेलमागे ४.२ ऐवजी ४.० व्होल्टच्या आसपास ठेवा. गळती मोजून कमी केली असेल तर तीन महिन्यांनंतरही अँटेना उघडण्याइतकं भरपूर उरतं. शेवटच्या दिवसांत डिप्लॉयरच्या खिडकीतून चार्जिंगची सोय मिळते का ते विचारा. मिळत असेल तर कनेक्टर त्याच बाजूला आणा, हे सांगाड्याच्या ड्रॉइंगच्या वेळीच ठरायला हवं.

विमानाने पाठवणार असाल तर सेलचा यूएन ३८.३ चाचणीचा अहवाल सोबत लागतो. तो नसला तर पेटी गोदामातच अडते. आणि पाऊच सेल वापरले असतील तर निर्वातात ते फुगतात, दोन्ही बाजूंनी पाटी दाबून बांधावे लागतात. दंडगोल १८६५० ला लोखंडी कवच असतं, त्याला ही अडचण नाही.

---

लष्कर_ग्वाल्हेर, मंगळवार रात्री ८.४०

४.० व्होल्ट पटलं. आता माझ्या प्रांतातलं.

क्यूबसॅट मानकानुसार बाहेर पडल्यावर ३० मिनिटं कुठलाही भाग उघडायचा नाही आणि ४५ मिनिटं रेडिओ बोलायचा नाही. या घड्याळाचा प्रोग्राम लिहायला अर्धा तास पुरतो, पण सर्वांत जास्त उपग्रह मुके होण्याजोग्या दोन चुका याच अर्ध्या तासात होतात.

पहिली. घड्याळ नुसतं रॅममध्ये ठेवलं. बॅटरी थंड, प्रोसेसर दर २० मिनिटांनी रीसेट होतोय. प्रत्येक वेळी शून्यापासून मोजणी. ३० कधी येतच नाहीत, अँटेना कधी उघडतच नाही. उपाय: झालेली मिनिटं एफरॅममध्ये (वीज गेली तरी न पुसणारी स्मृती) लिहीत जा.

दुसरी चूक पहिलीच्या उपायातून जन्मते. जमिनीवर चाचणी घेताना एफरॅममध्ये 'अँटेना उघडली' अशी खूण पडते आणि पुसायची राहते. उपग्रह कक्षेत जागा होतो, खूण बघतो, काम झालंय असं समजतो आणि गुंडाळलेल्या अँटेनावर बोलत बसतो. म्हणून डिप्लॉयरमध्ये बसवण्याआधी स्मृती पुसणे, वाचून शून्य असल्याची खात्री करणे आणि दोघांच्या सह्या. शिवाय सॉफ्टवेअरनेही खुणेवर आंधळा विश्वास ठेवू नये. पहिले काही दिवस, बॅटरी ठरलेल्या व्होल्टच्या वर असेल तेव्हा, अँटेना सोडवणारी मुख्य आणि पर्यायी तार आलटून पालटून तापवत राहा.

तारेचंही सांगतो. ४३७ मेगाहर्ट्झची पाव-तरंग अँटेना साधारण १७ सेंमी, १४५ ची अर्ध्या मीटरहून थोडी जास्त. पोलादी पट्टी गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात, दोरा नायक्रोमच्या तापलेल्या तारेने वितळवतात. हवेत जुळवलेला प्रवाह निर्वातात जास्त ठरतो, कारण उष्णता वाहून न्यायला हवा नाही. दोरा तुटण्याआधी तारच जळते. आणि थंडीत दोरा वितळायला जास्त वेळ घेतो. म्हणून ही चाचणी निर्वातात, थंड टोकाला, खऱ्या बॅटरीवर घ्या. किमान १० वेळा, दर वेळी नवा दोरा आणि तीच गाठ. गाठ कोण मारणार ते ठरवा, माणूस बदलला की ताण बदलतो.

---

अलकापुरी_कागदपत्र (बडोदा), बुधवार सकाळी ११.१०

तांत्रिक चर्चेत वारंवारतेची परवानगी मागे पडू नये म्हणून लिहितो. सहा महिने राहिले म्हणताय तर ही आतापर्यंत सुरू झालेली असायला हवी होती.

हौशी रेडिओचा ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरणार असाल तर आयएआरयूकडे (हौशी रेडिओची आंतरराष्ट्रीय संघटना) समन्वयाचा अर्ज लागतो आणि हेतू खरोखर हौशी-शैक्षणिक असावा लागतो, व्यावसायिक माहिती त्यावरून उतरवता येत नाही. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देशातली परवानगी बघते आणि आयटीयूकडे (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) नोंद तिच्यामार्फत जाते. उपग्रहासाठी इन-स्पेसची (इस्रोबाहेरच्या अवकाश उपक्रमांना परवानगी देणारी सरकारी संस्था) परवानगी लागते. त्यांचं मुख्यालय अहमदाबादला बोपळमध्ये आहे, बडोद्याहून सकाळी निघून कामं उरकून रात्री घरी. समोरासमोर बसून अर्ज समजून घेता येतो, ही सोय देशातल्या फार थोड्या गटांना आहे.

कक्षा ठरली की उपग्रह किती वर्षांनी खाली पडेल याचं गणितही जोडावं लागतं. पूर्वीपासून २५ वर्षांची मर्यादा धरत. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परवानाधारकांसाठी ती ५ वर आणली. इस्रोनेही २०३० पर्यंत कचरामुक्त मोहिमांचं ध्येय जाहीर केलंय. उंच कक्षेची हौस सोडा. ५०० किमीच्या आसपासची जागा मिळत असेल तर वातावरणाचं घर्षणच तुमचं काम करतं.

---

राजवाडा_निर्वात (इंदूर), बुधवार दुपारी १.००

थोडं विषयांतर, पण पैशांचा प्रश्न आला म्हणून. तुमचा प्रयोग फक्त एखादा संवेदक अवकाशात चालवून बघण्याचा असेल तर वेगळा उपग्रहच कशाला? पीएसएलव्हीचा चौथा टप्पा कक्षेत राहतो, त्यालाच इस्रोने पोएम हा प्रयोगमंच केलाय. जून २०२२ च्या पीएसएलव्ही-सी५३ वर पहिला, आणि ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० वरच्या पोएम-४ वर २४ प्रयोग होते. डिप्लॉयर नको, अँटेना उघडण्याची धाकधूक नको, कचराही मागे राहत नाही. पोएम-३ चा टप्पा ३५० किमीवर आणून मार्च २०२४ मध्ये वातावरणात उतरवला होता.

---

मांडवी (बडोदा), बुधवार दुपारी १.२५

पोएम-४ वर चवळीला मोड आले होते ना? तीच ना ती?

---

राजवाडा_निर्वात (इंदूर), बुधवार दुपारी १.४०

हो, तीच. क्रॉप्स नावाचा प्रयोग, चवळीच्या आठ बिया, चार दिवसांत अंकुर.

---

सराफा_रात्रपाळी (इंदूर), बुधवार दुपारी ३.३०

पोएम उत्तमच, पण सूरसागरच्या गटाचा सांगाडा तयार आहे. आणि उपग्रह स्वतः जागा होतो, स्वतः बोलतो, हे शिकणं वेगळं. त्यांना मार्गावरून हलवू नका.

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण एक महत्त्वाचं राहिलं. व्हायब्रेशन झाल्यावर एकही स्क्रू उघडायचा नाही. उघडलात की ती चाचणी गेली, निदान स्वीकृतीच्या पातळीवर पुन्हा हलवावं लागेल. म्हणून स्क्रू लॉक करणं, इपॉक्सीचा थेंब देणं, कनेक्टर बांधणं हे सगळं व्हायब्रेशनच्या आधी संपलेलं हवं. प्रत्येक स्क्रू टॉर्क रेंचने ड्रॉइंगमधल्या आकड्यावर आवळायचा आणि त्याच क्षणी डोक्यावरून सांगाड्यावर लाखेची एक बारीक लाल रेघ ओढायची. हलवून झाल्यावर भिंगातून प्रत्येक रेघ बघायची. रेघ दुभंगली असेल तर स्क्रू फिरलाय. शंभर स्क्रू असले तर शंभर रेघा, आणि शंभरांची नोंदवही. आंधळ्या भोकातल्या स्क्रूला हवा निघायला वाट ठेवा, नाहीतर अडकलेली हवा कक्षात तासन्‌तास झिरपत राहते आणि निर्वात काही केल्या उतरत नाही.

चाचणी टेस्ट-पॉडमध्ये (डिप्लॉयरसारखाच चाचणीचा डबा) घ्या, उघडी नको. उपग्रह बंद, स्विच दाबलेले, बॅटरी ४.० वर. जसा उडणार तसाच.

---

राजवाडा_निर्वात (इंदूर), बुधवार सायंकाळी ५.४५

त्याला जोडून, कक्षात गेल्यावर काय बघायचं. थर्मोकपल (तापमान मोजणारे संवेदक) दोन ठिकाणी हवेतच: बॅटरी आणि रेडिओचा पॉवर अँप्लिफायर. टेबलावर हवेने थंड होणारा अँप्लिफायर निर्वातात फक्त स्टँडऑफमधून (बोर्डाला आधार देणारे खांब) आणि उष्णता वाहून नेणाऱ्या पॅडमधून उष्णता सोडतो. १० मिनिटं सलग प्रसारण करून तापमान कुठे टेकतं ते बघा. टेकत नसेल, चढतच असेल, तर पॅड नीट बसलेला नाही.

थंड टोकाला बॅटरी शून्याखाली असताना चार्जिंग बंद होतं ना, हे मुद्दाम तपासा. शून्याखाली चार्ज केलेल्या सेलमध्ये लिथियम धातूचा थर बसतो आणि तो परत निघत नाही. हीटर कितीला चालू होतो, कितीला बंद, हे आकडे लिहून घ्या. फेऱ्या किती ते रॉकेटवाल्यांच्या दस्तऐवजातून. प्रत्येक टोकाला पूर्ण कार्यचाचणी, नुसतं 'चालू आहे' पुरेसं नाही.

---

लष्कर_ग्वाल्हेर, बुधवार रात्री ९.००

सोडल्यानंतरची एक तयारी आताच करा. एकाच रॉकेटमधून डझनांनी उपग्रह निघतात तेव्हा पहिले काही दिवस रडारला कुठला ठिपका कोणाचा ते कळत नाही. कक्षेचे आकडे येतात, नावं येत नाहीत. तुमच्या बीकनमध्ये (उपग्रह ठरावीक वेळाने आपोआप पाठवतो तो संदेश) कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, मोर्समध्ये ठेवा, जगभरचे हौशी ऐकून कळवतात. सॅटनॉग्ज या खुल्या भूकेंद्र-जाळ्यात आधी नोंद करून ठेवा आणि डीकोड करण्याची रचना उघडपणे द्या. ४३७ मेगाहर्ट्झवर डॉप्लरने (उपग्रह जवळ येतो-दूर जातो त्यामुळे) वारंवारता अधिक-उणे १० किलोहर्ट्झ सरकते. ते सरकणं मोजूनच कुठला ठिपका आपला हे ओळखता येतं.

---

सूरसागर (बडोदा), गुरुवार रात्री ८.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही तटांना एकत्र बसवून धागा मोठ्याने वाचला आणि ठरलं ते असं: सांगाडा ॲनोडाइझिंगनंतर पुन्हा मोजणार, वातानुकूलित खोलीत. हार्नेस आणि पॅनल आधी निर्वात ओव्हनमध्ये. मग जोडणी, रेघा, नोंदवही. गळती मोजणी. टेस्ट-पॉडमध्ये व्हायब्रेशन, बॅटरीच्या वाटेवर लॉगर. मग कक्ष, पहिल्या गरम फेरीत ६० अंशांना ६ तास, पुढच्या फेऱ्या त्याला जोडूनच. शेवटी एफरॅम पुसून दोन सह्या.

गळती आजच मोजली. १८० मायक्रोअँपिअर. विश्वामित्रीताई, तुम्ही म्हणालात तसा प्रोग्रामिंग कनेक्टरजवळ एक रोधक थेट बॅटरीवर बसलेला निघाला. तो स्विचच्या पलीकडे नेतोय.

एकच शंका उरली. आरबीएफ पिन डिप्लॉयरमध्ये बसल्यावर काढायची, पण आमची पिन ज्या बाजूला आहे तिथे खिडकी येते की नाही, हे कसं कळणार?

---

मकरपुरा_लेथ (बडोदा), गुरुवार रात्री ९.०५

डिप्लॉयरवाल्यांकडून त्यांच्या डब्याचं थ्रीडी मॉडेल मागवा आणि तुमचं मॉडेल त्यात सरकवून बघा, दोन्ही दिशांनी. उपग्रह उलटा घातला तर खिडकी दुसऱ्या बाजूला येते, म्हणून स्विचचा पाय दाराकडे की स्प्रिंगकडे हे आधी पक्कं करा. पिन रेलच्या बाहेर ६.५ मिमीपेक्षा जास्त येता कामा नये. मॉडेल मिळालं की कारखान्यात या, ॲक्रिलिकचा खोटा डबा कापून देतो. खिडकीसकट.

---

विश्वामित्री (बडोदा), गुरुवार रात्री ९.२०

पिना दोन करा, एक सुटी जवळ असू द्या. आणि लाल फितीवर अनुक्रमांक शिवून घ्या. दार बंद करण्याआधी बाहेर आलेल्या पिना मोजता येतात.